वाया

नवतप्याचा चौथा दिवस.
पिवळ्या नदीच्या पुलावर डांबर चप्पल सोडत नाही.
खांद्यावर निळी पेटी,
आत बर्फाच्या चार विटा, मधे गोवराच्या लसीच्या कुप्या.
प्रत्येक टोपणावर एक गोल, गोलात चौकोन.
झळ लागली की चौकोन काळवंडत जातो,
गोलाइतका काळा झाला की कुपी फेकायची.
माणसांच्या कपाळावर असं काही चिकटवलेलं नसतं.

दारादारावर निंबाच्या डहाळ्या.
आत ओल्या फडक्याखाली निजलेली पोरं, अंगभर पुरळ.
भगत म्हणतो, माता पाहुणी आली हाय,
पाहुणीले सुई दाखवते काय वं बाई?
मी म्हणते, निंब राहू द्या मातेला,
ज्यांच्याकडे ती अजून आली नाही, त्या पोरांना लस द्या.
तो हसतो. वाईट माणूस नाही.
मागल्या मंगळवारी शेंड्यांचं पोर खांद्यावर टाकून
त्यानंच रात्री मेयोपर्यंत नेलं.
येतानाही ते खांद्यावरच होतं.
हलत नव्हतं.
तेव्हापासून तो दवाखान्याचं नाव काढत नाही.

पुढच्या गल्लीत नाझनीन मोबाईल पुढे करते.
पांढऱ्या कोटातला कुणी सांगतो आहे
ह्या सुईनं मुलींच्या कुशी मिटतात म्हणून.
कोण हा? कुठला डॉक्टर?
तिला माहीत नाही. पण तो रोज येतो, म्हणते.
तुम्ही किती वेळा येता?

हमीदचाचा बाजेवरून उठत नाहीत.
शहात्तर साली जीप आली होती,
मी एकवीस वर्षांचा, लग्न व्हायचं होतं.
त्यांच्या हातातही असंच रजिस्टर होतं, बेटा.
आशाताई उके माझ्याकडे बघतात.
आमच्या पुस्तिकेत शंका आणि उत्तरं आहेत, एकूण बारा.
ही त्यांत नाही.
मी पाणी मागते.
चाचा माठातलं देतात, गार, वाळ्याच्या वासाचं.

दहा वाजता भोयरभाऊंचा भोंगा.
निवडणूक पुढच्या महिन्यात.
आपल्या लेकरांवर प्रयोग होऊ देणार नाही!
आधी नळ द्या, मग सुई द्या!
टाळ्या पडल्या.
नळाचं खरं होतं.
म्हणून सुईचंही खरं वाटलं.
खोटं सांगत नाही, नळाच्या वाक्याला माझाही हात उठला होता.

अकरा वाजता अंगणवाडीच्या ओट्यावर एकच बाई आली,
वीटभट्टीवरची, इथं नवी,
भोंगा कुणाचा हेही तिला ठाऊक नव्हतं.
एका लेकरासाठीसुद्धा कुपी फोडायची, असा नियम.
फोडली.
आत दहा डोस. आयुष्य चार तास.
मग आम्ही दोघी आणि कूलर.
कूलरमधलं पाणी साडेबारालाच संपलं.

अडीचला मागच्या बाजूनं एक ऑटो.
दुपट्ट्यात पुरतं तोंड गुंडाळलेली बाई,
कडेवर दीड वर्षाची पोट्टी, पायात चांदीचे वाळे.
उकेताईंनी वाळे ओळखले,
बारशाचं जेवण अख्ख्या वस्तीला होतं.
भोयरभाऊंची नात.
नाव लिहू नका ना ताई, बाबांना माहीत नाही.
लिहावं लागतं, म्हटलं, दुसऱ्या डोसाची तारीख द्यायची असते.
लिहिताना मला जीप आठवली.
पोट्टी रडली,
सगळी रडतात तशीच.

तीन वाजले.
आठ डोस लाल पिशवीत.
उकेताई म्हणाल्या, रजिस्टरचं हे पान भोंग्यावर वाचून दाखवू का?
दोघीही हसलो, मग गप्प झालो.
त्या पोरीनं काय केलं होतं?

संध्याकाळी अहवाल.
वापरलेले डोस: दोन. वाया: आठ.
वाया जाण्याचं कारण: इथं एकच शब्द मावेल एवढी जागा.
भगताचा खांदा मावत नाही,
चाचांची जीप मावत नाही,
नळ तर नाहीच नाही.
ऊन, असं लिहिलं मी.
साहेबांनी न वाचता सही केली.

घरी येऊन ॲप्रनचा खिसा उलटा केला.
सकाळी फोडलेल्या कुपीचं टोपण पडलं.
चौकोन
अजून पांढराच होता.